तोट्याचा हिशोब

पारनेर तालुक्यातल्या आमच्या विहिरीला सहा परसांखाली काळा पाषाण लागलाय, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. तो फोडून घ्यायचं काम कधी माझ्या गळ्यात पडेल असं मात्र वाटलं नव्हतं. भाऊ परदेशात, तात्यांचे, म्हणजे माझ्या चुलत्यांचे, गुडघे गेलेले, आणि मी पुण्यात पुस्तकांची मुद्रितं तपासून पोट भरणारी. २०२२ च्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला तेव्हा तात्यांनी फोनवरून फर्मावलं, "एक परस तरी खाली घ्यायला पाहिजे. ब्लास्टिंगला हल्ली लई कागद लागतात म्हणे. तू कागदातली, तूच बघ." कागदातली आहे म्हणजे ऱ्हस्वदीर्घ बघते, सुरुंग नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर पलीकडून फोन ठेवलेला होता.

तालुक्याच्या गावी खतं, बियाणं, पाइप, मोटारी असं सगळं एका छपराखाली मिळणारं दुकान आहे. विहिरीचं सामान तिथेच मिळणार, असा माझा सरळ हिशोब. गर्दीतून पुढे सरकत मी विचारलं, "जिलेटीन आहे का? विहिरीसाठी हवं होतं. थोडंसंच." दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे. "मॅडम, ते असं सुटं मिळत नसतं. लायसनवाला आणतो, लायसनवालाच वापरतो, उरलेलं लायसनवालाच परत नेतो. तुम्ही फक्त पैसे द्यायचे." शेजारी फवारणीचा पंप निरखत उभा असलेला पोरगा हळूच दोन पावलं लांब सरकला.

तात्यांना हे सांगितल्यावर ते खुलले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी तोटे, म्हणजे जिलेटीनच्या कांड्या, पिशवीत घालून एसटीनं आणत, आणि कंडक्टरनं विचारलं तर मेणबत्त्या म्हणून सांगत. यातलं किती खरं ते त्यांनाच ठाऊक. "आणि तोटे हाताळले की डोकं असं ठणकायचं, रातभर झोप नाही," असं ते म्हणाले तेव्हा मी तेही फोडणीतलं समजून सोडून दिलं. पुढे कळलं की नेमकी तीच गोष्ट शंभर टक्के खरी होती. जुन्या तोट्यांत नायट्रोग्लिसरीन असायचं. ते कातडीतून आत जातं, रक्तवाहिन्या सैलावतं आणि डोकं धरतं. आपल्याकडे नायट्रोग्लिसरीनवाली स्फोटकं २००४ पासून बंद झाली. आता येतो तो माल स्लरी किंवा इमल्शन, म्हणजे अमोनियम नायट्रेटच्या द्रावणापासून केलेला चिकट लगदा, प्लॅस्टिकच्या आवरणात भरलेला. नाव तेवढं जिलेटीनच राहिलं आहे. तात्यांच्या डोकेदुखीवर मी हसले होते, ते हसू मला परत गिळावं लागलं.

खडी क्रशरवाल्यांच्या ओळखीतून शेवटी अण्णा मिळाले. कामाची वाटणी मला समजावून घ्यावी लागली: ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर लावून खडकात होल मारणारी पोरं वेगळी आणि माल आणून बार उडवणारे अण्णा वेगळे. माल येतो मॅगझिनमधून. मॅगझिन म्हणजे वस्तीपासून लांब, कुंपण घालून बांधलेलं स्फोटकांचं कोठार. तिथे तोटे एकीकडे आणि केपा दुसरीकडे, दोघांची गाठ फक्त खडकातल्या होलात पडायची. केप म्हणजे डिटोनेटर: करंगळीहून बारीक धातूची नळी, जिच्या छोट्या स्फोटानं शेजारचा मोठा स्फोट जागा होतो. अण्णांकडे शॉटफायररचा परवाना होता. मी वहीत लिहिलं, 'सुरुंग उडवण्यास अधिकृत परवानाधारक व्यक्ती.' अण्णांनी वहीत डोकावून म्हटलं, "ब्लास्टर लिहा ताई. जागा वाचेल."

पहिल्या बाराच्या दिवशी लाल अक्षरांत 'स्फोटके' लिहिलेली गाडी बांधावर आली आणि तिच्यातून पुठ्ठ्याचं एक खोकं उतरलं. दिसायला अगदी साधं. सवयीनं मी ते वाचायला बसले. कारखान्याचं नाव आणि पत्ता, मालाचं नाव, २५ किलो निव्वळ वजन, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, खोक्याचा स्वतःचा नंबर, आणि एका कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा चौकोन. चौकोन दिसल्याबरोबर मी फोन काढला आणि हाताशी होतं त्या पैसे भरायच्या ॲपनं तो स्कॅन केला. ॲप जरा वेळ गरगरलं आणि हा कोड पैसे देण्यासाठी वैध नाही असं म्हणालं. "ताई, पैसे मला द्यायचेत, खोक्याला नाही," अण्णा म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "आणि तो फोन आधी तिकडं आंब्याखाली ठेवून या. केपा इलेक्ट्रिकच्या आहेत. त्या बाहेर काढायच्या आत इथं एकाचाही फोन नको." होल मारणारी पोरं, तात्या, बघायला जमलेली शेजारची मंडळी, सगळ्यांचे फोन आधीच आंब्याखाली एका टोपलीत जमा झालेले होते. उरला होता तो माझाच.

फोन ठेवून आल्यावर मी अण्णांना छपाईतली एक चूक दाखवली. खोक्यावर एका जागी 'क्लास २' छापलं होतं आणि भगव्या चौकटीत १.१ डी. एकाच खोक्यावर दोन वर्ग? आमच्या धंद्यात एवढ्यावर अख्खा फर्मा परत पाठवतात. अण्णांनी खांदे उडवले, "बारा वर्षं असंच येतंय." रात्री मी नागपूरला भाऊजींना, थोरल्या बहिणीच्या यजमानांना, फोन लावला. नागपूरच्या आसपास स्फोटकांचे बरेच कारखाने आहेत, त्यांतल्या एकाच्या डिस्पॅच विभागात त्यांनी नोकरी काढली. ते आधी पोटभर हसले. भारताच्या जुन्या वर्गवारीत नायट्रेट मिश्रणांचा वर्ग दुसरा, केपांचा सहावा, फटाक्यांचा सातवा. भगव्या चौकटीतला आकडा संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीतला: तिथे सगळी स्फोटकं पहिल्या वर्गात, आणि १.१ म्हणजे पेटलं तर सगळं एकदम जाईल असा माल. दोन्ही आकडे बरोबर होते. "काहून बा, बावीस वर्षं मी चुकीचे खोके पाठवले का?" भाऊजी म्हणाले, आणि ताईला हाक मारून तिलाही ऐकवलं.

पण त्या हसण्यामुळेच त्यांना रंग चढला आणि माझी शिकवणी सुरू झाली. विहिरीतला फुटलेला दगड यारीनं वर काढेपर्यंत दुसरा बार होणार नव्हता, त्यामुळे वेळ होता. भाऊजी सांगत, मी मुद्रितांच्या पाठकोऱ्या कागदांवर बाण काढत बसे. हा सगळा कारभार पाहणारी संस्था पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. मुख्यालय नागपूरला, सेमिनरी हिल्सवर, आणि मूळ खातं १८९८ सालचं. मला वाटलं होतं, गृहखात्याचं असेल. नाही, ते वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाच्या हाताखाली येतं. कारण १८८४ चा स्फोटकांचा कायदा मालाला धंद्यातला माल मानतो: बनवा, साठवा, न्या, विका, पण परवान्यानं आणि सुरक्षितपणे. त्याच मालाचा कुणी घातपातासाठी वापर केला की १९०८ चा वेगळा कायदा लागतो आणि मग पोलीस येतात. माझ्या पहिल्या बाणाचं टोक मी गृहमंत्रालयाकडे वळवलं होतं. ते खोडून काढलं.

माल हलतो तो २००८ च्या नियमांमधल्या दोन कागदांवर. आरई-११ म्हणजे मागणीपत्र: परवानाधारकानं लिहायचं, मला एवढा माल हवा. आरई-१२ म्हणजे मालासोबत फिरणारा पास: एवढा माल, अमक्याकडून तमक्याकडे, अमक्या गाडीतून. दर मुक्कामाला साठ्याची वही. आलं किती, गेलं किती, उरलं किती. चोरी झाली किंवा कमी भरलं तर पोलीस आणि पेसो दोघांना ताबडतोब कळवायचं. आता हे कागद ऑनलाइन निघतात. मी कारखाना, मॅगझिन, अण्णा, विहीर असे चार चौकोन काढून बाण जोडले आणि फोटो भाऊजींना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "छान. आता एक चौकोन खोटा आहे असं धर आणि सांग, तुला कसं कळेल?"

मला सांगता येईना. मग त्यांनी २०१० सालची गोष्ट सांगितली. राजस्थानातल्या धौलपूरहून मध्य प्रदेशातल्या सागरकडे निघालेले स्फोटकांचे ट्रक पोहोचायचे तिथे पोहोचलेच नाहीत. एक नाही, दोन नाही, ६१ ट्रक. बातमी फुटल्यावर देशभर गदारोळ झाला. मी तोवर समजत होते की स्फोटकांची चोरी म्हणजे रात्री कुलूप तोडणं, कुंपण कापणं. ट्रक दिवसाढवळ्या फाटकातून कायदेशीर बाहेर पडतो आणि नंतर रस्ता बदलतो, हे माझ्या बाणांत कुठेच बसत नव्हतं. कागद पाठवणाऱ्याकडेही बरोबर असतो. घेणाऱ्याच्या दारात कुणी उभं राहून मोजत नसेल, तर तो नुसताच बरोबर असतो. त्या दिवशी मी बाणांचा कागद चुरगाळला, आणि मागच्या बाजूला एका कादंबरीचं प्रकरण होतं हे लक्षात आल्यावर पुन्हा सरळ केला.

खोक्याला नंबर असतो, मग खोकं उघडल्यावर काय, हा प्रश्न मला त्यानंतर सुचला. आदल्या वर्षीची बातमी डोक्यात होतीच. २५ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत अँटिलियाजवळ, कारमायकल रोडवर, एक गाडी सापडली आणि तिच्यात जिलेटीनच्या २० कांड्या. वजन अडीच किलो. कांड्यांवर नागपूरच्या कारखान्याचं नाव होतं, ते टीव्हीवर दिवसभर दाखवत होते. मला तेव्हा वाटलं होतं, झालं, नाव छापलंय म्हणजे संध्याकाळपर्यंत विकत घेणारा सापडेल. आता मी कागदावर भागाकार केला. अण्णांच्या खोक्यातली कांडी १२५ ग्रॅमची. २५ किलोचं खोकं म्हणजे २०० कांड्या. मुंबईत सापडल्या त्या वीस, एका खोक्याचा दहावा हिस्सा, आणि खोकं गाडीत नव्हतं. कारखाना कुणाला काय विकलं ते सांगतो खोक्याच्या नंबरावरून. सुट्या कांडीवरचं नाव सांगतं फक्त जन्मगाव. जनगणनेत घरांना नंबर द्यायचे आणि माणसं मोजायचीच नाहीत, त्यातली गत. ही अक्कल मला भागाकार करून आली. तपासणाऱ्यांना ती पहिल्या तासातच आली असणार.

"मग प्रत्येक कांडीला नंबर का देत नाहीत?" मी विचारलं. भाऊजी म्हणाले, देतात की, युरोपात. तिथेही अक्कल ठेच लागूनच आली. ११ मार्च २००४ ला सकाळच्या गर्दीत माद्रिदच्या चार लोकल गाड्यांत दहा बॉम्ब फुटले, १९० हून अधिक माणसं गेली. स्फोटक होतं खाणीतलं डायनामाइट, अस्तुरियासमधल्या एका खाणीतून बाहेर पडलेलं. म्हणजे अण्णांच्या खोक्याचंच भावंड. युरोपीय संघानं २००८ मध्ये आदेश काढला: देशाची दोन अक्षरं, कारखान्याचे तीन आकडे, त्यापुढे त्या वस्तूचा तिच्यापुरता एकमेव क्रमांक, शिवाय यंत्राला वाचता येईल असा कोड, आणि तो खोक्यावर, तसाच आतल्या प्रत्येक कांडीवर, प्रत्येक केपेवर किंवा तिच्या वायरीवरच्या चिठ्ठीवर. नोंदी दहा वर्षं जपायच्या, आणि अमका नंबर शेवटी कुणाच्या हातात होता हे पोलिसांनी रात्री-अपरात्री विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

यातलं मला सगळ्यात आवडलं ते डिटोनेटिंग कॉर्डचं कलम. ही एक दोरी असते, पोटात स्फोटक भरलेली. दोरी कुणीही कापून नेऊ शकतो, तर तिला नंबर द्यायचा कुठे? उत्तर: दर पाच मीटरला. म्हणजे तुकडा पाच मीटरचा असेल तर त्यावर नंबर सापडणारच. मी लगेच शंका काढली, की चोरानं चार मीटरचा कापला तर? भाऊजी क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "तू त्या बाजूला गेली असतीस तर जड गेलं असतं." माझ्या या एका प्रश्नाला त्यांनी दाद दिली, आणि ती अशी.

अर्थात आदेश काढणं आणि अमलात आणणं यात फरक असतो. कांड्या भरणाऱ्या यंत्रावर मिनिटाला किती कांड्या निघतात, आणि प्रत्येकीवर वेगळा नंबर छापून तो पुन्हा कोणत्या खोक्यात गेला याची नोंद ठेवायची, म्हणजे कारखान्याची अर्धी लाइन नवी. युरोपाला मुदत वाढवावी लागली. छपाई सक्तीची झाली एप्रिल २०१३ पासून, नोंदींची यंत्रणा एप्रिल २०१५ पासून. साधी वात, आणि पंपाच्या ट्रकमधून थेट होलात सोडायचं स्फोटक यांना सूट आहे. मोठ्या खाणींत माल तसाच जातो, त्याला कांडीच नसते, मग नंबर कुठे छापणार? आपल्याकडेही पेसोनं पुढे बारकोडवर आधारलेली मागोव्याची प्रणाली आणली, सेट नावाची. भाऊजी निवृत्त झाले त्या वेळी हे वारे नुकते वाहू लागले होते आणि डिस्पॅचमधल्या सगळ्यांनी कपाळावर हात मारला होता, हेही त्यांनी सांगितलं.

फुटून गेल्यावर काय, हा माझा पुढचा प्रश्न. कांडी फुटली की नंबरही गेला. त्यावर स्वित्झर्लंडनं १९८० पासून वेगळा उपाय केला आहे. स्फोटकातच प्लॅस्टिकचे बारीक कण मिसळायचे. प्रत्येक कणात रंगांचे थर, थरांचा क्रम म्हणजे कारखान्याचा संकेत. स्फोटानंतर मातीत कण शोधायचे, भिंगाखाली थर वाचायचे. अमेरिकेनं १९७० च्या दशकात हाच प्रयोग करून पाहिला, पण कायद्यात आणला नाही. मला हे फार पटलं आणि मी उत्साहानं सांगितलं की हो, विमानतळावर कुत्रे हुंगतात ते हेच कण. पलीकडून उसासा ऐकू आला. ते वेगळं. १९८८ मध्ये लॉकरबीवर विमान फुटलं, २७० माणसं गेली, त्यानंतर १९९१ चा माँट्रियल करार झाला: प्लॅस्टिक स्फोटकात ठरावीक उडणारं रसायन मिसळायचं, म्हणजे त्याचा माग वासावरून लागेल. तो उपाय फुटायच्या आधी सापडावं म्हणून, स्विस कण फुटल्यानंतर कळावं म्हणून, आणि कांडीवरचा नंबर चोरीला गेलेला माल कुणाकडून गेला ते कळावं म्हणून. मी तिन्हींची खिचडी केली होती. भाऊजींनी ती सुटी करून दिली आणि म्हणाले, आता जेवायला जाऊ दे.

दुसऱ्या बारासाठी अण्णा पुन्हा आले तेव्हा मी तयार होते. फोन आंब्याखाली, हातात वही, आणि मनात एकच गोष्ट पक्की केलेली: साखळीतला शेवटचा चौकोन आपली विहीर आहे, तर तिथे उभं राहून मोजायचं. अण्णांनी खोकं उघडलं, वरचं प्लॅस्टिक बाजूला केलं. मी एक कांडी हातात घ्यायची परवानगी मागितली. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, दोन्ही टोकांना धातूच्या बारीक क्लिपा, चिमटलेल्या सॉसेजसारखी मऊ. आवरणावर नाव होतं, मालाचा प्रकार होता, तारीख होती. दुसरी कांडी घेतली, तिसरी घेतली. तिन्हींवर अक्षर न् अक्षर तेच. केपा अण्णांनी वेगळ्या पेटीतून काढल्या, दोन-दोन वायरी गुंडाळलेल्या. (या इलेक्ट्रिक केपा आता इतिहासजमा झाल्या. १ एप्रिल २०२५ पासून सरकारनं त्या बनवायला आणि बाळगायलाच बंदी घातली, कारण घातपातात त्याच वापरल्या जात. त्यांची जागा घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक केपांमध्ये चिप असते आणि प्रत्येकीला स्वतःचा आयडी. महाग पडतात म्हणून अण्णा अजून कुरकुरतात.) मी कांड्या निरखत बसले तेवढ्यात अण्णा पहिला होल भरायला खाली उतरलेही होते आणि माझी मोजणी सुरू व्हायची होती.

विहिरीच्या तळाशी २४ होल. मी कठड्यावर पालथी पडून खाली बघत चार उभ्या रेघा आणि एक आडवी अशी पंचकं ओढत होते. मधल्या होलांत कांड्या जास्त, कडेच्यांत कमी, म्हणजे होलांना एका आकड्यानं गुणून सुटका नव्हती. अण्णा खाली, त्यांचा पोरगा दोरीला बांधलेल्या घमेल्यातून कांड्या सोडतोय, तात्या मागून विचारतायत चहा टाकायचा का. तोंडाशी माती भरून होल बंद झाले, सगळे शेताबाहेर गेले, शिट्टी झाली, बार उडाला. पायाखालची जमीन आधी हलली आणि आवाज नंतर आला. धूर ओसरल्यावर अण्णांनी खाली उतरून पाहिलं, एकही होल न उडता राहिलेला नाही याची खात्री केली आणि वर येऊन वही काढली. लांबट, हिशोबाची, लाल कापडी पुठ्ठ्याची. तारीख, गाव, गट नंबर, आणले २००, वापरले १३४, परत ६६. "करा सही," म्हणाले.

माझी पंचकं १३१ सांगत होती. मी सही केली नाही. मला वाटलं अण्णा चिडतील. त्यांनी उलट ताडपत्री अंथरली आणि खोक्यातल्या उरलेल्या कांड्या दहा-दहांच्या ओळींत मांडल्या. सहा ओळी आणि वर सहा. मी बोटानं पुन्हा मोजल्या. ६६. तीन कांड्या माझ्याच नजरेतून निसटल्या होत्या, बहुधा तात्यांच्या चहाच्या वेळी.

"बरं झालं बोललात," अण्णा म्हणाले. "तुमचा आकडा धरला असता तर तीन तोटे वहीत जिवंत आणि मॅगझिनमध्ये नाहीत. साहेब तपासणीला आले की मी ते कुठून काढून दाखवू?"

"आणि मी १३७ म्हटलं असतं तर?"

अण्णांनी कांड्या परत खोक्यात भरायला घेतल्या होत्या. "तर तीन तोटे वहीत उडालेले आणि माझ्या गाडीत जिवंत. ते कुणी विचारणारच नाही."

मी मनातल्या मनात गुणाकार केला, ३७५ ग्रॅम, आणि विचारलं की बाकीचे शेतकरी सही करताना मोजतात का. अण्णांना या प्रश्नाची गंमत वाटली. लोक वही उघडायच्या आत सही करतात म्हणे, काही जण अंगठा पुढे करतात, आणि एकानं तर तीन विहिरींच्या सह्या एकदम आगाऊ देऊ केल्या होत्या, पुन्हा शेतात यायला नको म्हणून. त्या त्यांनी घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तरी कुणाला कळलं असतं, असं मी म्हटलं नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा आधीपासून माहीत होतं.

वहीत जिलेटीन 'झिलेटिन' असं लिहिलं होतं, आणि आधीच्या सगळ्या पानांवरही तसंच. पेन माझ्या हातात होतं. मी आकडे पुन्हा एकदा वाचले, बेरीज करून पाहिली आणि सही केली. अण्णांनी वही बंद करून गाडीच्या पुढच्या खणात ठेवली, खोक्यावर आडवी पट्टी चिकटवली आणि तात्यांना ओरडून सांगितलं की चहा राहू द्या, अंधार पडायच्या आत माल मॅगझिनला लावायचाय.